मित्र नदीतून होडी वल्हवत निधी गोळा करणार? मदतीला उभं राहण्याआधी हे समजून घ्या

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतो. 'मी गोदावरीतून इतके किलोमीटर होडी वल्हवणार आहे. जमा होणारे पैसे अमुक संस्थेला देणार. साथ द्या.' खाली लगेच टाळ्या, आगीचे इमोजी आणि 'भावा, नाद खुळा' सुरू होतं.

पण 'साथ द्या' म्हणजे नेमकं काय? पोस्ट शेअर करायची, यूपीआयवर पाचशे रुपये टाकायचे, की काठाकाठानं मोटारसायकलवर सोबत जायचं? आणि ही नदी जालना जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरून वाहणारी गोदावरी असेल, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. इथं एका बाजूला मित्राचा जीव असतो आणि दुसऱ्या बाजूला लोकांनी विश्वासानं दिलेले पैसे. त्यामुळे दोन्ही बाजू नीट समजून घेऊ.

हा प्रकार नेमका काय आहे?

एखाद्यानं स्वतः शारीरिक कष्टाचं आव्हान घ्यायचं आणि ते पाहून इतरांनी सामाजिक कामासाठी पैसे द्यायचे, ही पद्धत जगभर रुळलेली आहे. आपल्याकडे तिचं सर्वात ओळखीचं रूप म्हणजे मुंबई मॅरेथॉन. २००४ पासून होणाऱ्या या स्पर्धेत हजारो लोक कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी निधी गोळा करत धावतात.

पाण्यावरची उदाहरणंही आहेत. ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये काही मित्रांनी रेड क्रॉसला मदत म्हणून मरे नदीतून छोट्या होड्या वल्हवत नेल्या. त्यातूनच पुढे ४०४ किलोमीटरची, पाच दिवसांची वार्षिक मॅरेथॉन उभी राहिली. ब्रिटनमध्ये अभिनेता डेव्हिड वॉलियम्स २०११ मध्ये टेम्स नदीत आठ दिवसांत सुमारे २२५ किलोमीटर पोहला. त्यातून दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. मात्र पहिल्या काही दिवसांतच त्याचं पोट बिघडलं आणि तापही आला. नदीचं पाणी पोटात गेलं की काय होतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण कौस्तुभ खाडे यांचं आहे. मुंबईच्या या इंजिनिअर तरुणानं २०१५ मध्ये समुद्रातून एकट्यानं कयाक वल्हवत मुंबई ते गोवा हे अंतर पार केलं आणि त्या निमित्तानं मुलांसाठी काम करणाऱ्या 'मॅजिक बस' संस्थेसाठी निधी गोळा केला. पुढे ते गुजरातमधल्या द्वारकेपासून किनाऱ्यानं दक्षिणेकडे निघाले. त्या मोहिमेत त्यांच्या साथीदार शांजली शाही किनाऱ्यावरच्या रस्त्यानं सायकलवरून सोबत होत्या. एक माणूस पाण्यात आणि एक जमिनीवर, ही रचना पुढच्या सगळ्या चर्चेसाठी लक्षात ठेवा.

होडी की कयाक? फरक काय?

सोशल मीडियावर सगळ्यालाच 'बोटिंग' म्हटलं जातं. पण रोइंगमध्ये वल्ही होडीला अडकवलेली असतात आणि वल्हवणारा होडी जाते त्या दिशेकडे पाठ करून बसतो. म्हणजे पुढे काय आहे ते त्याला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. कयाकमध्ये तोंड पुढे असतं आणि हातात दोन टोकांना पाती असलेलं एकच वल्हं असतं. दगड, जाळी आणि बंधारे असलेल्या नदीत हा फरक महत्त्वाचा ठरतो. मित्र रोइंगची होडी नेणार असेल, तर पुढचं पाणी बघून सांगणारं दुसरं कुणीतरी हवंच.

हे शिकता येत नाही असं मुळीच नाही. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ते भारताचे एकमेव रोइंगपटू होते आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पण त्यामागे सैन्यातलं शिस्तीचं प्रशिक्षण होतं. व्हिडिओ बघून पंधरा दिवसांत ते जमत नाही.

जालन्यातली गोदावरी वल्हवण्यासारखी आहे का?

याचं उत्तर महिन्यावर अवलंबून आहे.

पैठणच्या जायकवाडी धरणातून खाली आलेली गोदावरी अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या कडेनं वाहते. पलीकडच्या काठावर बराचसा बीड जिल्हा येतो. शहागडच्या पुलावरून जाताना जी नदी दिसते, ती हीच.

पण ती सलग वाहत नाही. पैठणपासून खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे एकामागून एक उच्च पातळी बंधारे आहेत. पावसाळा संपताना त्यांचे दरवाजे बंद करून पाणी अडवलं जातं. त्यामुळे हिवाळ्यात इथं नदीपेक्षा लांबलचक तळ्यांची माळ असते. प्रत्येक बंधाऱ्यापाशी होडी बाहेर काढायची, काठावरून उचलून न्यायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची. हे काम एकट्याचं नाही. इथं मित्र लागतातच.

• जून ते सप्टेंबर: नाहीच. जायकवाडीचे दरवाजे उघडले की काही तासांत नदीचं रूप पालटतं. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लीटर पाणी. म्हणजे एक लाख क्युसेकला सेकंदाला २८ लाख लीटर. २००६ आणि २०२५ च्या पुरात गोदाकाठच्या गावांनी हे अनुभवलं आहे.

• ऑक्टोबर: परतीच्या पावसावर अवलंबून. धरण भरलेलं असेल तर कधीही विसर्ग होऊ शकतो.

• नोव्हेंबर ते जानेवारी: त्यातल्या त्यात योग्य काळ. पाणी अडवलेलं, ऊन सौम्य. पण सकाळी धुकं पडू शकतं.

• मार्च ते मे: बऱ्याच ठिकाणी पात्र उघडं पडतं. पारा चाळिशीच्या पुढे जातो. होडीपेक्षा चालणंच जास्त होईल.

'मग कालव्यातून जाऊ, तिथं पाणी सलग असतं,' असं कुणीतरी सुचवेलच. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालना जिल्ह्यातूनही जातो. पण अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या भिंती उताराच्या आणि शेवाळानं निसरड्या असतात. आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येणं अवघड जातं. त्यामुळे तो विचार सोडून द्यावा.

पैठणच्या धरणाच्या जलाशयातून सुरुवात करायची कल्पनाही आकर्षक वाटते. मात्र नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय होडी घालता येत नाही.

पाण्यात नेमका धोका कशाचा?

पहिला धोका बंधाऱ्याचा. भिंतीवरून पाणी पडतं तिथं खाली पाणी गोल फिरत राहतं. वरून ते शांत दिसतं, पण त्यात सापडलेली वस्तू किंवा माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे अर्धवट काढलेले बर्गेही असेच घातक. त्यामुळे बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी काठाला लागायचं, हा नियम मोडायचा नाही.

दुसरा धोका वाळूच्या खड्ड्यांचा. गोदापात्रात वाळू उपशामुळे खोल खड्डे झाले आहेत. गुडघाभर पाण्यात होडी ओढत चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्याइतक्या पाण्यात जाऊ शकतो. म्हणून होडीतून उतरल्यावरही लाइफ जॅकेट काढायचं नाही.

तिसरा धोका जाळ्यांचा आणि जलपर्णीचा. मासेमारीची जाळी पाण्याखाली असते. वल्हं अडकतं, होडी कलते. पुढे जलपर्णीचा गालिचा असेल तर त्यात घुसायचं नाही. कुठे डोह आहे, कुठे जाळं लावलंय, कुठे खडक आहे, हे काठावरच्या भोई बांधवांना पाठ असतं. मोहिमेआधी त्यांच्यासोबत घालवलेला एक दिवस कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतो. त्यांच्या जाळ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणं हेही मोहिमेच्या खर्चात धरायला हवं.

चौथा धोका पाण्याच्या दर्जाचा. वाटेतल्या गावांचं सांडपाणी नदीत येतं. हाताला फोड आलेले असताना ते पाणी जखमेत गेलं तर संसर्ग होतो. लेप्टोस्पायरोसिससारखा आजारही दूषित पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरतो.

मग मित्रानं नेमकं काय करायचं?

काठावरच्या माणसाला 'ग्राउंड सपोर्ट' म्हणतात. त्याची कामं साधी वाटतात, पण मोहीम त्यांच्यावरच चालते.

१. आधी वाट बघून यायची. मोटारसायकलवर सगळा टप्पा फिरून घ्या. होडी कुठे बाहेर काढता येईल, गाडी कुठपर्यंत जाते, मोबाइलला रेंज कुठे नाही, जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, हे वहीत लिहा. शांत पाण्यात साधी होडी ताशी चार ते सहा किलोमीटर जाते. बंधाऱ्यांचा वेळ धरला तर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरपेक्षा मोठं स्वप्न बघू नका.

२. वेळेचा करार करायचा. दर तासाला एक फोन किंवा लोकेशन. ठरलेल्या वेळेनंतर तीस मिनिटं काही कळलं नाही तर शोध सुरू. 'रेंज नसेल' असं म्हणत बसायचं नाही. पाण्यात रात्र काढायची नाही. सूर्य मावळण्याच्या तासभर आधी होडी काठाला.

३. खाणं-पाणी सांभाळायचं. वल्हवण्यात खरा जोर पायांचा आणि पाठीचा असतो, पण आधी सोलवटतात ते तळहात. हातावर पट्ट्या, कोरडे कपडे, ओआरएस, भरपूर पिण्याचं पाणी. खायला दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, केळी, खजूर असं जागच्या जागी खाता येईल ते.

४. परवानग्या काढायच्या. जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी कळवा. काठावरच्या पोलिस ठाण्यांना तारखा द्या. विसर्गाची सूचना सर्वात आधी त्यांच्याकडे येते. नंबर पाठ हवेत: आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

५. बुडणाऱ्यामागे उडी मारायची नाही. हे सगळ्यात अवघड, कारण समोर मित्र असतो. पण प्रशिक्षण नसलेला माणूस उडी मारतो तेव्हा बहुतेक वेळा दोघं अडचणीत येतात. आधी ओरडून मदत बोलवा. मग काठी, दोर, रिकामा बंद कॅन, ट्यूब, जे असेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडावाटे श्वास आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. हे मोहिमेआधी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या.

पैशांचं काय? इथंच मैत्री तुटते

पैसे मित्राच्या खात्यावर घ्यायचे की थेट संस्थेच्या? उत्तर सोपं आहे: थेट संस्थेच्या. मित्र कितीही प्रामाणिक असला तरी. वैयक्तिक यूपीआयवर जमलेल्या रकमेचा हिशेब तीन महिन्यांनी कुणीतरी मागतोच आणि तेव्हा घरखर्चाच्या व्यवहारांतून देणग्या वेगळ्या काढाव्या लागतात.

कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि नोंदणीकृत न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क अंतर्गत धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. ती टाळायची असेल तर नोंदणीकृत संस्थेच्या नावानं, तिच्या लेखी संमतीनं, तिच्याच पावतीवर निधी गोळा करा.

देणगी देणाऱ्यांना हे मुद्दे आधीच सांगा:

• ८०जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकर सवलत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, मित्राला दिलेल्या पैशांवर नाही. संस्थेची ८०जी नोंदणी चालू असायला हवी. दोन हजार रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. नव्या कररचनेत ही सवलत नाही.

• परदेशी नागरिकत्व घेतलेला चुलत भाऊ किंवा वर्गमित्र पैसे देणार असेल, तर ती परदेशी देणगी ठरते. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी असेल तरच ती घेता येते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे यात येत नाहीत.

• जालन्यात पोलाद आणि बियाणं उद्योगातल्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यामुळे 'सीएसआर मिळेल' असं सहज म्हटलं जातं. पण सीएसआरचा पैसा व्यक्तीला देता येत नाही. संस्थेमार्फत तो घ्यायचा तर तिची सीएसआर-१ नोंदणी लागते.

आणखी एक गोष्ट पोस्टमध्ये स्पष्ट लिहा: मोहिमेचा खर्च वेगळा, देणगी वेगळी. होडीचं भाडं, पेट्रोल, जेवण हा खर्च स्वतःच्या खिशातून किंवा तसं सांगून घेतलेल्या प्रायोजकाकडून करायचा. 'मुलांच्या शिक्षणासाठी' म्हणून आलेल्या शंभर रुपयांतले साठ होडीवर गेले, हे नंतर कळलं तर लोक पुढच्या खऱ्या गरजूलाही पैसे देत नाहीत.

'किलोमीटरमागे पाच रुपये' ही अट चांगली की वाईट?

हिशेब बघा. पन्नास जणांनी किलोमीटरमागे पाच रुपये कबूल केले आणि अंतर १०० किलोमीटर असेल, तर २५ हजार रुपये होतात. ऐकायला छान वाटतं. लोकांना रोज आकडा वाढताना दिसतो, पोस्टलाही प्रतिसाद मिळतो.

पण आता ८० व्या किलोमीटरला आकाश भरून आलंय, हाताला फोड आलेत आणि थांबलं तर पाच हजार रुपये कमी होणार आहेत. संस्थेतल्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आहेत. अशा वेळी दमलेला माणूस चुकीचा निर्णय घेतो. म्हणून नदीवरच्या मोहिमेसाठी ठोक रक्कम जास्त बरी: मोहीम सुरू झाली की देणगी पक्की, अंतर कितीही होवो. देणाऱ्यालाही एक वाक्य सांगून ठेवा, 'तो मधे थांबला तरी तुमचे पैसे कामालाच जाणार आहेत.'

कारण निवडताना नदीकडेही बघा

साहस म्हणून वल्हवणारे थोडे असतात. नाइलाज म्हणून वल्हवणारे याच खोऱ्यात आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा इथली मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जायकवाडीचं पाणी ओलांडत शाळेत जात असल्याची बातमी २०२२ मध्ये देशभर गाजली आणि उच्च न्यायालयानंही तिची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे तीन लाख लोक बुडून मरतात. त्यात लहान मुलांचं प्रमाण मोठं आहे.

त्यामुळे गोदाकाठच्या शाळांना लाइफ जॅकेट, गावागावांत पोहण्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, बंधाऱ्यांवर दोर आणि ट्यूब ठेवणं, अशा कामांसाठी मोहीम काढली तर तिचा नदीशी थेट संबंध राहतो. अर्थात कर्करोग रुग्णांसाठी किंवा वसतिगृहासाठी काढली तरी हरकत नाही. फक्त संस्था आधी प्रत्यक्ष जाऊन बघा, तिचा मागच्या वर्षीचा हिशेब मागा.

थांबायचं कुणी ठरवायचं?

निघण्याआधी हा एक प्रश्न सोडवला नाही तर बाकीची तयारी फुकट आहे. पाण्यात असलेल्या माणसाला जिद्द असते, त्याच्यामागे फॉलोअर्स असतात, वचन दिलेलं असतं. त्याला थांबणं म्हणजे हरणं वाटतं. म्हणून थांबवायचा अधिकार काठावरच्या एकाच माणसाकडे असावा आणि तो कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. विसर्गाची सूचना आली, ताप आला, वीज कडाडली, तासाभराचा फोन चुकला, यातलं काहीही झालं की त्या दिवशीची होडी बाहेर. त्यावर चर्चा रात्री जेवताना करायची, पाण्यात नाही.

हे काम करणाऱ्याचा फोटो बहुधा कुठे येत नाही. 'अरे, एवढं जवळ आलो होतो' हे त्याला ऐकून घ्यावं लागतं, कदाचित वर्षभर. पण तेव्हा समोर बसून ते ऐकवणारा मित्र असतो. आणि नदी पुढच्या नोव्हेंबरमध्येही तिथंच असते.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर असा मेसेज आला, तर इमोजी टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा: पैसे कुणाच्या खात्यात जाणार? काठावर कोण असणार? आणि थांब म्हणायचा अधिकार कुणाकडे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर बिनधास्त शेअर करा. मिळाली नाहीत, तर ती शोधायला त्याच्यासोबत बसा. तुमची खरी साथ तिथूनच सुरू होते.